निम्मेकाकूंचा इंग्रजी सौदा

काकूंचं आडनाव निम्मे नव्हतं. समोरच्यानं कुठलाही भाव सांगितला की त्या आधी त्याच्या निम्मा आकडा म्हणत, म्हणून बाजारानं त्यांना ते नाव ठेवलं होतं. नव्या पोस्टमनला मात्र ते आडनावच वाटायचं, आणि तो बरेच दिवस पाटी शोधत गल्लीत फिरला.

त्यांचं ताडपत्रीचं दुकान होतं. दुकानांपुढची छतं, गाड्यांची कव्हरं आणि उरलेल्या तुकड्यांच्या जाडजूड पिशव्या तिथे शिवून मिळायच्या. काका कापायचे, काकू शिवायच्या. मी शाळेत इंग्रजी शिकवते. दुकानावरची खोली भाड्यानं घ्यायला गेले, तेव्हा काकूंनी भाडं सांगितलं. ते मला परवडणारं होतं, म्हणून मी बरं म्हणाले. काकूंचा चेहराच पडला. अशी कशी लगेच हो म्हणतेस, थोडं कमी करा म्हणावं की नाही, असं त्यांनी मलाच सुनावलं. मग मी भीत भीत एक आकडा सांगितला. तो त्यांनी झिडकारला, मला पाणी दिलं, दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत यायला लावलं आणि शेवटी बऱ्याच कमी भाड्याला खोली दिली. वर इतक्या खुशीत होत्या, की बघणाऱ्याला वाटावं खोली त्यांनाच मिळाली.

काका याच्या अगदी उलट. पहिल्याच आकड्याला मान डोलवायचे. त्यामुळे खरेदीला गेल्यावर काकू त्यांना दुकानाबाहेर उभं करत आणि सौदा पटला की पिशव्या उचलायला आत बोलावत.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग पिशव्यांना लागणाऱ्या चेन आणि बकलांचा जुना व्यापारी धंदा आवरून लेकीकडे राहायला गेला, आणि त्याच्या जागी काचेच्या दाराचं दुकान आलं. आत एक टाय लावलेले गृहस्थ. काकू काहीही म्हणाल्या तरी ते हसून इंग्रजीत एकच वाक्य म्हणायचे, सॉरी मॅडम, फिक्स्ड प्राइस. काकू पूर्ण भाव मोजून घरी आल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्या दुपारी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी जिना चढून वर आल्या आणि दारातच म्हणाल्या, "मला इंग्रजी शिकव. सगळं नको. फक्त भावाचं."

मी फी नको म्हणाले, तर त्यांना ते लागलं. मग पाऊण तास त्यावरच गेला आणि आठवड्याला तीन धड्यांच्या बदल्यात दोन पडदे, एक पिशवी आणि खिडकीवर छत असं ठरलं.

विद्यार्थी म्हणून काकूंनी माझ्या नाकी नऊ आणले. घेणं म्हणजे बाय आणि निघणं म्हणजेही बाय, तर न घेता निघालं की काय म्हणायचं, हा त्यांचा पहिला प्रश्न. बार्गेन शब्दावर तर त्या चक्क रागावल्या. घासाघीस केली तरी बार्गेन आणि नुसतं स्वस्तात मिळालं तरी बार्गेन, हे कसं? एकात माणसाचा घाम गेला, दुसऱ्यात काय गेलं? निगोशिएबल त्यांच्या तोंडात बसेना. त्याचं त्यांनी 'निगुतीचं बोल' करून टाकलं, आणि अर्थही तोच असल्याचं मला पटवून दिलं. शब्द त्या खडूनं ताडपत्रीच्या उलट्या बाजूला लिहून ठेवत. एकदा काकांनी तोच तुकडा कापला, आणि कुणाच्या तरी स्कूटरचं कव्हर आतून 'लास्ट प्राइस' असं लिहिलेलं गेलं.

महिन्याभरात तीन शब्द पक्के झाले. टू मच, डिस्काउंट, लास्ट प्राइस. एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. हे तिन्ही शब्द घेणाऱ्याचे. काकू विकतातही, हे मी साफ विसरले होते.

शब्द घेऊन काकू त्या काचेच्या दाराच्या दुकानात गेल्या. तिन्ही शब्द ओळीनं वापरले. टायवाल्यांनी भाव काही उतरवला नाही, पण ते पहिल्यांदाच मोकळं हसले आणि त्यांनी बसायला खुर्ची दिली. काकूंना तेवढंही पुष्कळ झालं. त्याच वेळी तिथे बकलं बघणाऱ्या एका परदेशी बाईंची नजर काकूंच्या खांद्यावरच्या पिशवीवर पडली. त्यांनी पिशवी उलटीपालटी केली, शिवण ओढून पाहिली आणि टायवाल्यांकडून काकूंच्या दुकानाचा पत्ता लिहून घेतला. त्यांचं त्यांच्या गावी पिशव्यांचं दुकान होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दुकानात हजर. मी शाळेत. पुढचं मला काकांनी सांगितलं, तेही मधूनमधून थांबून, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं.

बाईंनी एका कागदावर पिशवीचं चित्र काढलं. त्याखाली पाचशे लिहिलं आणि बोटांनी पुष्कळ पुष्कळ अशी खूण केली. म्हणजे पाचशे पिशव्या. शेजारी तीनशे लिहिलं. म्हणजे एकीचा भाव. काकू ती पिशवी एकशे ऐंशीला विकायच्या, आणि तेही गिऱ्हाईक चिकट नसेल तर. त्यांचे डोळे पांढरे झाले. पण जित्याची खोड. समोर आकडा आला आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "टू मच."

बाईंना वाटलं, पाचशे पिशव्यांचं काम जास्त होतंय. त्यांनी पाचशे खोडून चारशे केले. काकूंना कळेना की भाव तसाच ठेवून पिशव्या का घटल्या. आपलं काहीतरी चुकलं म्हणून त्या घाईघाईनं म्हणाल्या, लास्ट प्राइस. बाईंनी ओठ चावला आणि तीनशेचे तीनशे चाळीस केले. काकूंना घाम फुटला. आता एकच शब्द उरला होता. डिस्काउंट, असं त्या अगदी काकुळतीला येऊन म्हणाल्या. बाईंनी लगबगीनं मान हलवली, नाही नाही, डिस्काउंट मागणार नाही, आणि तीनशे साठ लिहिले.

शब्द संपले. आता काकूंकडे एकच जुनं हत्यार होतं, आणि ते कुठल्याही भाषेत चालतं. त्या उठल्या, पाठ फिरवली आणि चालू लागल्या. स्वतःच्याच दुकानातून. काका हातात कात्री धरून बघत राहिले.

मी शाळेतून परतत होते. तिसऱ्या दुकानापुढे, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दारात, काकू भर उन्हात उभ्या. मी विचारलं, काय झालं.

"दुकान सोडून आले."

"कुणाचं?"

"माझं," काकू म्हणाल्या. "आता ती हाक मारेल."

आणि खरंच मागून हाक आली. बाई दारात उभ्या राहून कागद हलवत होत्या. कागदावर चारशे होते.

मी आत गेले आणि दोघींच्या मध्ये बसले. बाई मला म्हणाल्या की इतक्या देशांत माल घेतला, पण अशी कडक व्यापारी पाहिली नाही. शेवटी काकू उठून गेल्या, तेव्हा सौदा हातचा गेला असंच बाईंना वाटलं होतं. मी हे काकूंना सांगितलं. टू मच म्हणजे विकणाऱ्याच्या तोंडी कसं ऐकू येतं, तेही सांगितलं. काकूंनी कागदावरचे चारशे पुन्हा एकदा वाचले. मग खुदकन हसल्या, मग ताग्यावर कोसळून हसल्या, मग त्यांना उचकी लागली. काकांनी पाणी आणलं तर ते अर्धं त्यांच्याच साडीवर सांडलं.

उचकी थांबली तशा त्या गंभीर झाल्या. मला म्हणाल्या, "तिला खरं सांग. मला हा भाव चुकून मिळालाय. असला भाव मी घेत नसते."

काकांनी कात्री खाली ठेवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते सौद्यात बोलले. "अगं, चारशे आहेत," एवढंच म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

मी बाईंना सगळं सांगितलं, निम्मेकाकू या नावासकट. आता हसून लोळायची पाळी बाईंची होती. मग त्यांनी विचारलं, पुढे काय करायचं. काकूंचे डोळे लकाकले. पहिल्यापासून, त्या म्हणाल्या, आणि या वेळी रीतसर. त्यांनी बाईंना दुकानाबाहेर पाठवलं, परत आत यायला लावलं, पिशवी नाखुशीनं कशी उचलायची ते दाखवलं. काकूंनी चारशे सांगितले. बाईंनी माझ्याकडे बघून, चाचरत, दोनशे म्हटलं. काकूंनी कपाळाला हात लावला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू घरात चोर शिरलाय. पुढचा तासभर त्या दोघींनी जे काही केलं त्याला माझ्या भाषांतराची फारशी गरज पडली नाही. चहा दोनदा झाला. बाई तीनदा निघून गेल्या आणि तिसऱ्यांदा किल्लीवाल्याच्याही पुढे पोचल्या, तेव्हा काकू स्वतः धावल्या. चारशे पिशव्या, तीनशे पंचवीसप्रमाणे, तीन महिन्यांत, बकलं बाईंकडून. दोघींनी हात मिळवले तेव्हा दोघींचे चेहरे लालबुंद झाले होते.

करारनामा मी लिहिला. काकूंनी एकेका शब्दाचा अर्थ विचारला. फर्स्ट पार्टी आणि सेकंड पार्टी ऐकून त्यांनी विचारलं, दोन पार्ट्या कशाला, एकच मोठी करू. मग सही केली, मोठ्ठी, कागदाच्या कडेबाहेर जाणारी.

काम जोरात झालं. गल्लीतल्या दोघी आणि किल्लीवाल्याची बहीण शिवायला आल्या. त्यांची मजुरी ठरवताना काकूंनी प्रत्येकीशी इतका वेळ घातला, की त्या तिघी पुढे बाजारात कुणाला ऐकेनाशा झाल्या. माल वेळेवर गेला. शिवण कुठे उसवल्याची एकही तक्रार आली नाही.

त्यानंतर एका रविवारी काकू पुन्हा वर आल्या. पुढचं इंग्रजी शिकव, म्हणाल्या. मी विचारलं, आता भावाचं काय उरलंय? त्या जरा लाजल्या. भावाचं नको. बाई अधूनमधून फोन करतात, आणि हॅलो झालं की दोघीही गप्प होतात. बाईंच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलंय. तेव्हा सून, बाळ, कितवा महिना, असे शब्द हवेत.

मी वही काढली. धड्याच्या बदल्यात काय, ते ठरवायला आम्ही आधी चहा ठेवला.