बर्फाशेजारची खुर्ची

माझ्या आत्याइतकं थंडीवर जीव टाकणारं माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरं जन्मलेलं नाही, आणि जन्मलंच असेल तर ते पहिल्याच उन्हाळ्यात जिल्हा सोडून पळालं असेल. आत्या पळाली नाही. लग्न होऊन कुरुंद्याला आली आणि हळदीच्या भट्टीपुढं उभी राहिली. हळद काढली की शिजवावी लागते, आणि ती शिजवायची वेळ नेमकी ऊन चढायची वेळ असते. वर सूर्य, खाली जाळ, काहिलीतून तोंडावर येणारी वाफ आणि मधे आत्या. पुढं काहिली जाऊन बॉयलर आले, पण वाफ तीच राहिली आणि आत्याही तीच राहिली. आमचे मामा, म्हणजे तिचे यजमान, मी शाळेत असतानाच गेले. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून शेती, गडी, भट्टी, बाजार सगळं ती एकटी बघते. ती म्हणायची, "हळद एकडाव शिजती, न् सुटती. मी दरसाली शिजून राहिले."

या शिजण्याचा सूड तिनं मिळेल तिथं घेतला. घरी फ्रिज आला तेव्हा त्यात सगळ्यात आधी दूध नाही, भाजी नाही, तिच्या चपला गेल्या. दुपारी बाहेर निघताना त्या गार चपला पायात घालून ती एखाद्या संस्थानिकाच्या थाटात अंगण ओलांडायची. दारापासून फाटकापर्यंत तो गारवा टिकायचा, पण तेवढ्यासाठी लोण्याचं भांडं बाहेर वितळत बसलेलं असायचं. कळमनुरीला मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. बाजाराच्या दिवशी ती माझ्याकडं यायची, आणि येताना कोपऱ्यावरच्या दुकानात थंड बाटली विकत घेऊन ती न उघडता मानेला लावून बसायची. एकदा दुकानदार कंटाळून म्हणाला, "आत्याबाई, पिणार कवा?" आत्या डोळे मिटूनच म्हणाली, "पिऊन काय करू? आतून कुठं गरम हाय मी? भायेरून हाय." एकदा तिला मोठा ताप आला. डॉक्टरांनी कपाळावर बर्फाची पिशवी ठेवायला सांगितली, तर ताप उतरल्याचं तिनं दोन दिवस कुणाला कळूच दिलं नाही.

लग्नकार्यात आत्याला शोधायचं असेल तर मांडवात जायचं नाही. मांडवामागं, जिथं भुशात आणि ओल्या पोत्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवलेल्या असतात, तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर ती बसलेली सापडायची, एक हात पोत्याखाली घालून. माझ्या थोरल्या मुलीच्या हळदीच्या दिवशीही ती तिथंच होती. मी व्याह्यांना लांबून दाखवलं आणि म्हणालो, "ते आमच्या आत्याचं माहेर." व्याही पोट धरून हसले. हा विनोद मी नंतर पुष्कळ लग्नांत केला.

मग एका वर्षी हळदीला असा भाव आला की लोक एकमेकांकडं संशयानं बघायला लागले. आत्याकडं मागच्या सालांचीही पोती होती, कारण भाव पडला की ती रुसायची आणि गोदामाला कुलूप लावायची. ती सगळी पोती विकली गेली. आता ही बाई बंगला बांधणार की काशीला जाणार, यावर गावात चर्चा सुरू झाली. आत्या माझ्याकडं आली, माझ्या मोबाईलवर मीच तिला कधीतरी दाखवलेला एक व्हिडिओ तिनं पुन्हा लावायला सांगितला. पांढऱ्याशुभ्र डोंगरांमधून एक जहाज चाललं होतं. "हितं जायचं," ती म्हणाली. मी समजूत काढली की ही अंटार्क्टिका, पृथ्वीचा तळ, तिथं श्रीमंत लोक आरामाच्या जहाजातून जातात. ती म्हणाली, "तळाला का असंना." मी चौकशी केली. आकडा ऐकून ती गप्प होईल याची मला खात्री होती, म्हणून जरा चवीनं सांगितला. तो आकडा मी इथं लिहीत नाही. तिनं बोटांवर पोती मोजली आणि म्हणाली, "दोघांचं सांग. मला इंग्रजी कुठं येतंय."

असा मी तिच्या पैशानं निघालो. कुरुंद्यात निरोपाला आलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आत्याबाई, तिथं हाय काय पण?" ती म्हणाली, "कायबी न्हाई. म्हणून तर चालले."

दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या बंदरातून जहाज सुटलं, आणि समुद्र असा खवळला की निम्मे प्रवासी आडवे झाले. मी त्यांतला पहिला. आत्या मात्र दिवसेंदिवस तरतरीत होत गेली. खोलीचं काचेचं दार उघडून ती वारा घेत बसायची आणि मी दोन दुलयांखालून "आत्या, दार" एवढंच म्हणायचो. "काहून रे? आता कुठं माणसात आल्यावानी वाटून राहिलं," ती म्हणायची. जहाजावर घाम काढायची एक लाकडी खोली होती. काचेतून तिनं आत बसलेले लालबुंद गोरे बघितले आणि मला हळूच म्हणाली, "येवढे पैशे भरून उकडून घेऊन राहिले? आपल्या भट्टीवर आले असते तर फुकट उकडून दिलं असतं." जहाजवाल्यांनी सगळ्यांना लाल जाकिटं, गमबूट आणि पाणी न शिरणाऱ्या पँटी दिल्या होत्या. आत्यानं नऊवारीचा घोळ त्या पँटीत कोंबला तेव्हा तिचा आकार कणगीसारखा झाला. त्याच वेशात ती जेवायला आली. लांब बर्फावर पेंग्विनांची रांग दिसली तेव्हा ती जेवणघरातून मोठ्यानं ओरडली, "अय, वऱ्हाड बघ. नवरदेव कोणता ते कळंना."

इथवरचं सगळं मी लोकांना अनेकदा रंगवून सांगितलं आहे. पुढचं सांगितलेलं नाही.

ती ओरडली तेव्हा मी मान खाली घातली होती. आमच्या टेबलावर पुण्याचं एक जोडपं असायचं. जग फिरलेली, मऊ बोलणारी माणसं. पहिल्या दिवशी आत्या टेबलावर यायच्या आत त्यांनी विचारलं, "या तुमच्या कोण?" मी म्हणालो, "आमच्या भागातल्या एक ओळखीच्या आहेत. भाषेची अडचण, म्हणून सोबत आलोय." हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. पण बोलल्यावर बरं वाटलं, आणि नंतर ते दुरुस्त करायच्या पुष्कळ संधी आल्या तरी केलं नाही. ते दोघं तिला आजी म्हणायचे. मी त्यांच्यासमोर तिला काहीच म्हणत नव्हतो. खोलीत गेल्यावर आत्या म्हणायचो.

बर्फावर उतरायच्या आदल्या दिवशी सगळ्यांचे कपडे तपासले गेले. त्या भूमीवर बाहेरचं बी, माती, खायचा कणसुद्धा न्यायचा नाही असा कडक नियम आहे, आणि तो योग्यच आहे. खिसे, शिवणी, बुटांचे तळवे, सगळं यंत्रानं ओढून साफ करत होते. मी आत्याला एवढंच सांगितलं, "कपडे साफ करतायत." तिला वाटलं, पाहुण्यांची सरबराई चालली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत ती कमरेशी काहीतरी खोचत होती. मी विचारलं, "हे काय?"

"वटी," ती म्हणाली. एक हिरवा खण, त्यात थोडे तांदूळ आणि आपल्या शेतातलं हळकुंड. "येवढ्या लांबून आलो, त्या बर्फाची वटी भराया नको?"

तिला वाटलं, मी विधवेच्या ओटी भरण्यावरून गप्प झालो. ती खाली बसली आणि गमबुटाचा पट्टा ओढत, माझ्याकडं न बघता बोलायला लागली. "तुझे मामा गेल्यापून कुणी मला वटी भरू दिली न्हाई, न् माझी कुणी भरली न्हाई. हळद मी लावायची, मी शिजवायची. तालुक्यातल्या लग्नाला माझी हळद जाती. अन् ती नवरीला लागायच्या टायमाला मीच उठून जायचं. म्हणून बर्फापाशी जाऊन बसते. तितं कुणी ऊठ म्हणत न्हाई." मग हसली. "ह्या बर्फाला काय ठावं मी कोण?"

तेव्हा एक वाक्य पुरे होतं. आत्या, इथं नियम आहे, खण खोलीत ठेव, हात जोडून भर. आपल्या भाषेतलं, सोपं वाक्य. मी म्हणालो, "चल, उशीर होतोय."

खाली रबरी बोटींसाठी रांग होती. पुण्याचं जोडपं आमच्या पुढं. एक तरुण कर्मचारी मुलगी प्रत्येकाला विचारत होती, काही राहिलंय का कुणाकडं. आत्याच्या जाकिटाखालून खणाचं हिरवं टोक दिसत होतं. मला एकदम दिसलं की हे पकडलं जाणार, सगळे वळून बघणार, आणि ही माझ्याकडं बघून मराठीत काहीतरी मोठ्यानं बोलणार. मी त्या मुलीकडं झुकलो आणि इंग्रजीत म्हणालो, "या बाईंकडं काही सामान आहे. तुम्ही बघून घ्या." आयुष्यभर मुलांना शिकवलेली इंग्रजी त्या वेळी अडखळली नाही.

मुलगी फार सभ्य होती. तिनं आत्याला बाजूला नेलं, खण, तांदूळ, हळकुंड एका पिशवीत घातलं. आत्या तिला हातवारे करून समजावत होती, "शिजलेलं हाय गं बाई, सात जन्म उगवायचं न्हाई." मुलीनं मला सांगितलं, कपडे पुन्हा साफ करावे लागतील, या खेपेला त्यांना उतरता येणार नाही, पुढच्या खेपेला नक्की. तुम्ही त्यांच्याजवळ थांबता का, असंही विचारलं. मी म्हणालो, "त्या थांबतील एकट्या." आणि बोटीत बसलो.

मी बर्फावर चाललो. आत्याच्या पैशानं, आत्याच्या इच्छेच्या जागी, मी चाललो. सगळे फोटो काढत होते. मी मागं वळून जहाजाकडं बघितलं. वरच्या कठड्याला लाल जाकिटांतले काहीजण उभे होते. त्यांतली ती कोणती हे एवढ्या लांबून कळायला नको होतं, पण ती कणगीसारखी होती, म्हणून कळलं. तिनं हात वर केला. मी केला नाही. शेजारी पुण्याचे गृहस्थ उभे होते.

पुढची खेप झाली नाही. वारा सुटला, कप्तानानं जहाज मागं वळवलं. परतीच्या वाटेवर आत्या कठड्याशी उभी होती. मी जवळ जाऊन थांबलो. ती म्हणाली, "तू काय बोललास ते मला कळलं न्हाई. पण माझ्याकडं न बघता बोललास." थोड्या वेळानं म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मीच काढून ठिवलं असतं. त्यांची जागा, त्यांचा नेम." माझ्या तोंडून माफीचा शब्द येत नव्हता. आमच्या घरात पुरुष असं काही बोलत नाहीत, असं मी स्वतःला सांगत होतो. तिनंच मग विषय बदलला. "बरं, बर्फ पायाला कसा लागतो?"

मी सांगितलं. वरून कडक वाटतो, पाय दिला की भुसभुशीत होतो, आणि घोट्यापर्यंत आत गेलं की एकदम शांत होतं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

गावात परतल्यावर तिच्या अंगणात माणसं जमली. मी कोपऱ्यात उभा होतो, आता ती सांगणार म्हणून फाटकाकडं नजर ठेवून. आत्यानं सगळं सांगितलं, समुद्र, घामाची खोली, वऱ्हाड. शेवटी म्हणाली, "अन् भाच्यानं हात धरून उतरवलं मला बर्फावर. लय सांभाळलं लेकरानं." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली. आजवर मी केलेल्या सगळ्या गोष्टींत ती मान हलवणं मला सगळ्यात जड जातं.

हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं. सगळं खरं लिहू का, म्हणालो. ती म्हणाली, "लिही की. लोक माझं खरं धरतील. तुझं न्हाई."

या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. मांडवात हळद सुरू झाली, आणि नेहमीप्रमाणं ती उठून मागं गेली. मी वधूच्या आईला म्हणालो, आत्यालाही हळद लावू द्या. त्या बाई कसनुसं हसल्या, सासूबाईंकडं बघितलं, आणि बघू म्हणाल्या. "बघू" म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे, मी आयुष्यभर तेच म्हणत आलो. मग मी एक खुर्ची उचलली आणि लाद्यांपाशी तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिनं पोत्याचं एक टोक माझ्याकडं सरकवलं. मी हात आत घातला.

नवरीच्या दोन मैत्रिणी पाण्यासाठी बर्फ घ्यायला आल्या. एकीनं विचारलं, "आजी, तुम्ही खरंच त्या बर्फावर चाललात? कसं वाटलं हो?"

आत्यानं माझ्याकडं हनुवटी केली. "ह्याला इचारा. हा माझ्या संगं होता."

मी सुरुवात केली. बोट किनाऱ्याला लागली, आत्यानं एक पाय बाहेर टाकला, मी तिचा हात धरला होता.

"हळू सांग रे," आत्या डोळे मिटून म्हणाली. "उतरायची घाई करू नको."