काढून टाकलेला थर्मोस्टॅट

कुणी बॉनेट उघडायला गेलं की मेस्त्री ते तळव्यानं खाली दाबायचे. ‘झाका ते. आधी एक चक्कर.’ मग स्वतः मागच्या सीटवर बसून डोळे मिटायचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांच्या गॅरेजात पहिल्यांदा गेलेल्याला वाटायचं, ह्या माणसाला झोप आवरेना झालीय. तुम्हीही असा एखादा कारागीर पाहिला असेल, ज्याच्यापुढं आपली गाडी आणि आपण दोघंही उघडे पडतो.

‘पेट्रोल लई खातीया’ म्हणत येणाऱ्याचं निम्मं दुखणं त्याच्या पायात असतं, असं त्यांचं मत होतं. एका गुळाच्या व्यापाऱ्याला त्यांनी भर रस्त्यात सुनावलं होतं, ‘पावणं, क्लचवरनं पाय काढा. ते काय पायपुसणं न्हाय.’ त्याच व्यापाऱ्याच्या डिकीत पाहुण्यांना वाटायला ठेवलेल्या गुळाच्या ढेपा निघाल्या. दिवाळीपासून त्या गावभर फिरत होत्या. मेस्त्रींनी त्या उतरवल्या आणि त्यातली एक फोडून सगळ्या गल्लीला गुळाचा चहा पाजला.

माझी गाडी म्हणजे आमच्या अण्णांची. अण्णा, माझे वडील, गेले आणि ती माझ्याकडं आली. आई शाहूवाडीकडच्या आमच्या गावी एकटीच राहायची. हृदय दुबळं झालेलं, पण भाताचं खाचर सोडून कोल्हापुरात यायला ती काही तयार नव्हती. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी असली की मी जायचे, तिला जेवू घालायचे, औषधं लावून द्यायचे आणि संध्याकाळी परतायचे. एसटीनं हे जमत नव्हतं. गावातनं परतीची गाडी दुपारीच सुटायची. आणि आमची कार अशी पेट्रोल प्यायला लागली होती की पुण्याचा भाऊ दर फोनला म्हणायचा, विकून टाक. विकली असती तर आईकडं जाणं सणासुदीपुरतं उरलं असतं. मेस्त्रींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

पहिल्या चकरेत नुसत्या आवाजावरनं त्यांना कळलं की मागचा ब्रेक धरतोय. तो सोडवला, एअर फिल्टर बदलला, टायरांत हवा भरली. फरक पडला, पण बेताचाच. मी पुन्हा गेले. ह्या वेळी मेस्त्री पुढं बसले आणि रंकाळा तलावाला वळसा घालून आलो तरी त्यांचे डोळे उघडेच. ते इंजिनच्या तापमानाचा काटा बघत होते. तो जागचा हलला नव्हता.

गॅरेजात आल्यावर त्यांनी पाणी काढून इंजिनचा तेवढा भाग खोलला. आत थर्मोस्टॅटच नव्हता. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी छोटी झडप. ती नसली की इंजिन गार राहतं, आणि गार इंजिन पेट्रोल जास्त पितं. मेस्त्रींनी त्या रिकाम्या जागेत बोट फिरवून बघितलं.

‘ताई, ह्यो म्याच काढलाय,’ ते म्हणाले. ‘अण्णांची गाडी घाटात तापायची. तवा आमी समदेच काढून टाकायचो. गाडी गार राहिली की गिऱ्हाईक खूश.’

त्यांनी दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तरी मला कळलं नसतं. अण्णा काही सांगायला येणार नव्हते. मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं, कारण मेस्त्रींनी गाडी कशी गार केली ह्याचं कौतुक अण्णा शेवटपर्यंत सांगत होते. गाडी तापायचं मूळ होतं तुंबलेल्या रेडिएटरमध्ये. मेस्त्रींनी तो आधी साफ केला आणि मग नवी झडप बसवली. महिनाभरात पेट्रोलचा खर्च माझ्या आवाक्यात आला. भावाला मी कळवून टाकलं, गाडी राहतेय.

मेस्त्रींना मात्र त्यानंतर वेगळाच नाद लागला. सिग्नलला जुनी गाडी दिसली की ते काचेवर टकटक करायचे आणि विचारायचे, ही कधी आमच्याकडं आली होती का. आली असली तर ती गॅरेजात आणायलाच लावायचे आणि काढलेली झडप परत बसवायचे. काही लोक घाबरून काच वर करून घेत.

पुढच्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत शेजाऱ्यांचा फोन आला, आईला धाप लागलीय. डॉक्टर वाटेवर होते, मीही तशीच निघाले. पोचले तेव्हा आई बोलत होती. तिनं मला जवळ बसवलं, एवढ्या लांबनं आलीस, चहा घे म्हणाली. दुपारी ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता.

दिवसकार्य उरकल्यावर मी मेस्त्रींना सांगायला गेले. ते स्टुलावरून उठले आणि फडक्यानं हात पुसत राहिले.

‘आई बोलली का तुमच्यासंगं?’

‘बोलली,’ मी म्हटलं.

ते मान हलवून नळाकडं गेले आणि पाठमोरे होऊन तोंड धुऊ लागले.

ह्या उन्हाळ्यात मेस्त्री गेले. त्यांच्या घरी मी भेटायला गेले तर त्यांच्या पत्नी मला ओळखत नव्हत्या. मेस्त्रींमुळं मी आईपाशी वेळेत पोचले, हे उपकार मी विसरणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. तेव्हा कुठं त्यांना ओळख पटली.

‘त्या ताई तुमीच व्हय,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी सांगाया आला व्हता त्या दिशी जेवले न्हाईत बगा ते. ताईंची आई बोलली म्हणं ताईंसंगं, असं घरला येऊन दोनदा सांगितलं मला.’