कोऱ्या डोक्याचा बोल्ट

वारा खिंडीकडून सुटला की शेडमधल्या कटरच्या मागच्या साखळ्या खुळखुळायच्या, आणि ओनीटा क्लॅबो उठून दोन कप कॉफीचं पाणी ठेवायची. पाणी उकळायला लागलं की तिला आठवायचं. मग दोन्ही कप स्वतःच पिऊन ती पहाटेपर्यंत टक्क जागी. जानेवारीपासून असं चाललं होतं. टेनेसीच्या त्या डोंगरात वारा काही कुणाला विचारून सुटत नाही.

त्या साखळ्या भुताखेतांसाठी नव्हत्या. ट्रॅक्टरच्या मागे जोडायच्या झुडपं कापायच्या यंत्राला मागच्या बाजूनं झालरीसारख्या त्या लावलेल्या असतात, पात्यांनी उडवलेला दगड कुणाच्या टाळक्यात बसू नये म्हणून. पण लग्न झाल्यापासून तो खुळखुळाट ऐकू आला की हॉयट घरी आला, असा ओनीटाचा हिशेब होता. अर्ध्या खोऱ्याची रानं, बांध, वाटा हॉयटच कापायचा. मे महिन्यात डेकोरेशनच्या रविवारी गावोगावची पांगलेली माणसं आपापल्या मेलेल्यांना फुलं वाहायला डोंगरावरच्या दफनभूमीत जमतात आणि तिथेच लांब टेबलं मांडून जेवतात. त्याआधी तो सगळा उतार कापून काढायचं कामही हॉयटकडेच.

माणूस तसा मितभाषी. बायकोच्या वाढदिवसालासुद्धा दोन वाक्यांच्या पुढे जायचा नाही. पण बोल्टाचा विषय निघाला की त्याच्या तोंडाला कुलूप घालणं पाद्र्यालाही जमलं नव्हतं. ट्रॅक्टरची ताकद पात्यांकडे नेणाऱ्या शाफ्टमध्ये एक बोल्ट मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. पातं बुंध्यावर आदळलं की तो बिचारा तुटतो आणि बाकीचं यंत्र वाचतं. मग माणसानं खाली उतरायचं, पात्यांवरच्या पत्र्यावर गुडघे टेकायचे, तुटका तुकडा ठोकून काढायचा आणि नवा बोल्ट घालायचा. याचा कंटाळा येऊन खोऱ्यातले निम्मे पुरुष गुपचूप पोलादी बोल्ट घालतात. तो तुटत नाही. एक दिवस गिअरबॉक्सच फुटतो.

"पोलादी बोल्टाच्या डोक्यावर रेघा असतात," हॉयट चर्चच्या जेवणात, हातात मक्याच्या ब्रेडचा तुकडा धरून सांगायचा. "मऊ बोल्टाचं डोकं कोरं. माझ्या यंत्रात रेघांवाल्याला जागा नाही!" एकदा त्यानं पाद्रीबाबांच्या कटरखाली डोकं घालून त्यांचा रेघांवाला बोल्ट साऱ्या मंडळींसमोर काढून दाखवला होता. त्या रविवारचं प्रवचन फार आखूड झालं.

असा हा माणूस गेल्या शरदात आळशी झाला. ओटीवरच्या खुर्चीत बसला की उठेना. ओनीटाची जीभ म्हणजे त्याच्या कटरच्या पात्यांची सख्खी बहीण. "खुर्चीला मुळं फुटली वाटतं! पाणी घालू का बुडाशी?" ती विचारायची. तो हसायचा. ती आणखी चिडायची. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, ती बोलत राहिली आणि तो हसत राहिला. जानेवारीत तो गेला. हे दुखणं वर्षभर तरी आत असणार, असं डॉक्टर म्हणाला.

"त्याला कळलं असेल?" ओनीटानं विचारलं.

"काहींना कळतं," डॉक्टर म्हणाला.

तो 'काहींना' तिच्याबरोबर घरी आला आणि हॉयटच्या खुर्चीत बसला. मरतोय हे ठाऊक असताना तो आपल्या शिव्या ऐकत होता, की काहीच ठाऊक नसताना? भांडी घासताना, कोंबड्यांना दाणे टाकताना, मनात तेवढंच. विचारणार कुणाला?

मे उजाडला. डोंगरावर गवत गुडघ्याच्या वर गेलं. हॉयटचा धाकटा भाऊ डेल्मर ओढ्यापलीकडे राहायचा. तो येऊन म्हणाला, "ओनीटा, यंदा मी कापतो."

"माझ्या नवऱ्याच्या भोवतालचं गवत मी कापणार."

"तुला कटर जोडता येतो का?"

"तुझ्या भावाच्या हातात पाना कोण द्यायचं? तुझी आजी?"

डेल्मर घरी गेला नाही. एक बादली पालथी घालून तिच्यावर बसला आणि सल्ले देऊ लागला. ओनीटानं ट्रॅक्टर मागे घेतला. एकदा डावीकडे गेला, एकदा शेडच्या खांबाला लागला. "खांब जुनाच होता," डेल्मर म्हणाला. शेवटी ट्रॅक्टरचे दोन्ही दांडे कटरच्या खुंट्यांवर बसले. वरचा दांडा फिरवून तिनं कटरची पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित खाली आणली. नाहीतर कापलेलं गवत आतल्या आत दळत बसतं आणि ट्रॅक्टर धापा टाकतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हात आपोआप चालत होते, आणि प्रत्येक वेळी पाना उचलण्याआधी कुणीतरी कानाशी 'हळू' म्हणाल्यासारखं वाटत होतं. तिनं दोनदा मागे वळून पाहिलं.

"काय गं?" डेल्मरनं विचारलं.

"तू काही बोललास?"

"मी? तू बोलू देशील तेव्हा ना!"

ओंडके खाली सरकवून तिनं कटर टेकवला, पाती चाचपली, गिअरबॉक्समधलं तेल पाहिलं. मग ग्रीसगन घेऊन ती पत्र्यावर चढली आणि थांबली.

गिअरबॉक्सच्या बाजूला, ग्रीस आणि वाळक्या गवताच्या थरात, पंजा उमटला होता. पाचही बोटं फाकलेली, तळवा खोल दाबलेला. करंगळी अर्धीच. हॉयटची करंगळी लहानपणी दारात चेमटली होती. काम करणाऱ्याचा हात असा टेकत नाही. सगळा भार त्या एका हातावर टाकून कुणीतरी इथे बराच वेळ उभं राहिलं होतं.

ओनीटानं ग्रीसगन खाली ठेवली. तिनं आपला हात त्या हाताच्या शेजारी ठेवला, त्यावर नाही. त्याच वेळी तिची नजर शाफ्टकडे गेली.

बोल्टाच्या डोक्यावर रेघा होत्या.

तिनं एप्रनच्या टोकानं डोकं पुसून पुन्हा पाहिलं. मग शेल्फवरचा कॉफीचा डबा काढला. दर शरदात तळाला जाणारा तो डबा कोऱ्या डोक्यांच्या बोल्टांनी गच्च भरला होता.

"डेल्मर."

डेल्मरनं बादली जरा मागे सरकवली.

"डेल्मर क्लॅबो, हा बोल्ट कुणी घातला?"

"मी," डेल्मर आपल्या बुटांकडे बघत म्हणाला. "त्यानं टॉर्च धरला होता."

"त्यानं तुला घालू दिला? हॉयटनं?"

"गुडघे टेकले की त्याला श्वास पुरेना, ओनीटा. एक बोल्ट बदलायला अर्धा दिवस जायचा. म्हणाला, घाल बाबा पोलादी. आणि पाद्र्याला सांगू नकोस."

ती हसली. मग हसता हसता पत्र्यावर बसली. "म्हणजे कळलं होतं त्याला."

"गवत वाळवायच्या दिवसांपासून. जुलैच असेल."

"आणि मी त्याला काय काय बोलले, तेही ऐकलंस ना तू? ओढ्यापलीकडे ऐकू जायचं ते."

"त्यासाठीच तर सांगितलं नाही तुला!" डेल्मर उठून उभा राहिला. इतके महिने पोटात दाबलेलं बाहेर काढताना त्याचा चेहरा उजळला होता. "म्हणायचा, ही ज्या दिवशी गोड बोलायला लागेल त्या दिवशी मी मेलोच. तोवर शिव्या खाऊ दे मला सुखानं. खरं सांगतो, शप्पथ. तू आत गेलीस की मला टाळी द्यायचा."

तिला आता हलकं वाटेल, अशी त्याची कल्पना होती. ओनीटानं पाना त्याच्या पायाशी फेकला.

"टाळी देत होता! आणि मी? मला गोड बोलायचं होतं की नाही, हे कुणी विचारलं मला? शेवटचे चार दिवस मी कशी वागणार, हे तुम्ही दोघांनी टॉर्च लावून ठरवलंत! मेल्यांनो!"

टाळीची गोष्ट, डेल्मरचं सांत्वन, सगळं जागच्या जागी विरघळलं. त्यानं पाना उचलला.

"काढ तो," ती म्हणाली.

तो गुडघ्यावर बसला. पोलादी बोल्ट निघायला फार वेळ लागला. त्याच्या जागी तिनं डब्यातला कोऱ्या डोक्याचा घातला, आपल्या हातानं. पंजाच्या खुणेला तिनं धक्का लावला नाही.

डोंगरावर दुपारी वारा नव्हता. ओनीटा बाहेरून आत, बाहेरून आत असे फेरे घालत होती. गवत मागे चुरा होऊन पडत होतं. डेल्मर फाटकापाशी उभा होता. तिथून एक पाऊल पुढे आलास तर तुलाही कापीन, असं त्याला बजावलेलं होतं. हॉयटची कबर दिसू लागली, लाल मातीचा अजून न बसलेला उंचवटा. त्याच्या अलीकडेच गवतात कसला तरी जुना बुंधा लपला होता. खण्ण! पाती थांबली. इंजिन नुसतंच घरघरत राहिलं.

तिनं शाफ्ट थांबवायचा दांडा ओढला, इंजिन बंद केलं आणि उतरली. पत्रा उन्हानं तापला होता. गुडघे टेकून तिनं तुटक्या तुकड्यावर हातोडा घातला. तुकडा हलेना. पुन्हा. घाम डोळ्यांत गेला. ती धडधाकट बाई, तरी श्वास फुलला. तिनं हात टेकला, मग कपाळही, आणि तशीच राहिली. इतक्या जवळ तो जानेवारीपासून कधी आला नव्हता. त्याची धाप तिला आपल्या धापेच्या जरा मागून ऐकू येत होती. नोव्हेंबरातली, ओटीवरच्या त्याच्या खुर्चीतली, तिनं कधी नीट ऐकलीच नव्हती ती.

"हॉयट," ती पत्र्याला म्हणाली, "दमलास का रे?"

डेल्मर धावतच वर आला. "काय झालं? पडलीस?"

"श्वास घेतेय."

"सरक, मी काढतो."

"तू नुसता बोल्ट धर." हातोड्याच्या दोन घावांत तुकडा खाली पडला. नवा बोल्ट घालून नट आवळताना ती म्हणाली, "यापुढे या घरात कुणी मरत असेल तर मला आधी सांगायचं. समजलं?"

"मी मरत असलो तरी?"

"तू कसला गप्प बसतोस! तू सहा महिने आधीपासून बोंबलशील."

"बोंबललो तर गोड बोलशील?"

ओनीटानं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भावासारखेच होते, फक्त जरा जास्त घाबरलेले.

"बघेन," ती म्हणाली आणि ट्रॅक्टरवर चढली. कटर जरा उचलून तिनं तो बुंधा ओलांडला आणि पलीकडच्या गवतात पुन्हा खाली सोडला.