गुलाबमावशींच्या मनगटावरची बोटं

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. घरी सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळायला लागल्या की मी बाल्कनीत जाऊन कपडे वाळत घालते. नर्सिंगमध्ये इतकी वर्षं गेली, माणसं डोळ्यांसमोर गेलेली पाहिली, मॉर्च्युरीपर्यंत एकटी जाऊन आले... कधी काही जाणवलं नाही. इथे लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात, ते मी वाचते खरं तर टाइमपास म्हणून. पण हा माझ्याच समोर घडला, भर सकाळी, आणि अजून डोक्यातून जात नाही.

मी खांदेश्वरला राहते आणि नवी मुंबईतल्याच एका खाजगी हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन कंट्रोलची नर्स आहे. हॉस्पिटलचं नाव देत नाही, पेशंटचंही नाही. माझं काम म्हणजे एकाचा जंतू दुसऱ्याला जाऊ नये हे बघणं. त्यातलं निम्मं काम म्हणजे लोकांना हात धुवायला लावणं. डॉक्टरांना, नर्सेसना, आणि सगळ्यात जास्त हाऊसकीपिंगच्या मावशींना आणि वॉर्डबॉय मामांना. कारण बेडच्या कठड्यापासून कमोडपर्यंत सगळीकडे त्यांचे हात लागतात. बहुतेकांना वाटतं, ग्लोव्हज घातले होते ना, मग हात कशाला धुवायचे? मग मी सांगत बसते, की अहो, ग्लोव्हज काढतानाच हाताला घाण लागते.

हे नुसतं सांगून पटत नाही म्हणून आमच्याकडे एक लोशन आहे. ते हाताला चोळायचं, मग साबणाने हात धुवायचे, आणि अंधारात निळ्या टॉर्चखाली धरायचे. जिथे नीट धुतलं गेलं नाही तिथे लोशन चमकतं. अंगठा तर हमखास राहतो, आणि नखांच्या कडा.

त्या दिवशी बेसमेंटमध्ये, लिननच्या स्टोअरशेजारच्या खोलीत ट्रेनिंग होतं. मावशी लोकांचा चहा-नाश्ता झाला होता. सगळ्यांचे मोबाईल मीच बाजूला ठेवायला लावले होते — नाहीतर अर्धं लक्ष तिकडे. लोशनची बाटली नवी होती, सील तसंच होतं. मी म्हटलं, आधी कोरे हात बघू, म्हणजे नंतर फरक कळेल. लाईट बंद केली, टॉर्च लावला.

पहिल्या होत्या गुलाबमावशी. पावणे गावच्या, आगरी, पन्नाशीच्या पुढच्या. कामाला एकदम चोख, बोलायला फटकळ. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तळवे स्वच्छ. बोटं स्वच्छ. मी म्हटलं, "बघा, काहीच नाही." आणि टॉर्च जरा वर गेला.

उजव्या मनगटाच्या वर पंजा उमटला होता. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. कुणीतरी घट्ट धरावं तसा. आणि तो चमकत होता, लोशन चमकतं तसाच.

"आयला मावशी," मागून वैशाली म्हणाली, ती तरुण आहे, तिला सगळ्याचीच मजा वाटते, "काकांनी सकाळी सोडलंच नाय वाटतं!"

सगळ्या हसल्या. मीसुद्धा. पण गुलाबमावशी हसल्या नाहीत.

मला वाटलं, कपड्यांची पावडर असेल. तीही या प्रकाशात चमकते, हळदही चमकते. मावशींना बेसिनवर नेलं, कोपरापर्यंत साबण लावून धुतलं. पंजा तसाच. स्पिरिटने पुसलं. तसाच. त्यांनी स्वतःचा डावा हात त्यावर ठेवून बघितला, तर तो केवढा तरी मोठा. हा पंजा अरुंद होता, बोटं लांब, बारीक.

"सिस्टर, जरा भायेर या," त्या हळूच म्हणाल्या.

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्यांनी सांगितलं. सकाळी त्या आयसोलेशन रूम साफ करायला गेल्या होत्या. सगळं झालं, ग्लोव्हज काढून कचऱ्यात टाकले आणि त्या बेसिनवर हात धूत होत्या.

"आनि कोनतरी माजा हात धरला. असा. नि वढला."

"पेशंटने?"

"पेशंट कुठं? ती बाय झोपलेली. मी मागं वलून बगला, कोन नाय. मना वाटला चक्कर आयली, बीपीची गोली नव्हती घेतली ना."

"मग तेव्हाच सांगायचं ना मला."

"काय सांगू? येडी बोलून घरी बसवतील."

"ओढलं कुठे?"

"बेडच्या बाजूला."

मला तेव्हाही वाटलं की रूममध्येच काहीतरी सांडलेलं असणार. कुणी आधीच्या ट्रेनिंगचं लोशन तिकडे नेलं असेल, बेसिनला लागलं असेल, त्यावर मावशींचा हात घासला असेल. हे शोधणं तर माझंच काम. म्हणून टॉर्च घेऊन मी वर गेले. भूतबीत बघायला नाही, एवढं कृपया लक्षात घ्या.

त्या रूममध्ये किडनीच्या आजाराची एक बाई होती, चाळिशीची. मांडीत डायलिसिसची नळी होती. औषधांना दाद न देणारा जंतू सापडला म्हणून तिला वेगळं ठेवलं होतं. तिचे मिस्टर बाहेरच्या बाकावर पेपर वाचत होते. मी गाऊन-ग्लोव्हज घालून आत गेले, तर ती गाढ झोपलेली, ब्लँकेट गळ्यापर्यंत. मी पडदा ओढून अंधार केला. बेसिनवर टॉर्च फिरवला, काही नाही. नळ, साबणाची बाटली, दाराचा हँडल, काही नाही. मग बेडचा कठडा...

आणि ब्लँकेटवर तोच पंजा. मांडीच्या वर. बोटं पसरलेली, दाबून धरल्यासारखी.

मी काय विचार करून ब्लँकेट उचललं, मला सांगता येत नाही. खाली चादर लाल झाली होती. नळीचं टोक सैल झालं होतं आणि रक्त येत होतं, आवाज नाही, काही नाही, नुसतं वाहत होतं. मी नळीचा क्लॅम्प दाबला आणि ओरडले. वॉर्डची सिस्टर धावत आली, मग डॉक्टर, मग मिस्टरांना बाहेर थांबवायची गडबड. त्या बाईला रक्त चढवलं, ती वाचली. संध्याकाळी तिने डोळे उघडून पाणी मागितलं तेव्हा मिस्टर भिंतीकडे तोंड करून रडले.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला ब्लँकेट उचलावंसं कसं वाटलं?"

"सहज," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

ते म्हणाले, "बरं झालं. अजून थोडा उशीर झाला असता तर... आणि गळती तू आत जायच्या जेमतेम थोडं आधी सुरू झाली असणार. नाहीतर ती तोपर्यंत जिवंत राहिलीच नसती."

इथे माझी गाडी अडते. वॉर्डच्या सिस्टरनेही नंतर सांगितलं की मावशी साफ करून गेल्यावर तिने ड्रेसिंग बघितलं होतं, कोरडं होतं, नळी घट्ट होती. म्हणजे मावशींना ओढलं तेव्हा तिथे काही झालेलंच नव्हतं. मग ओढलं कशासाठी?

दुपारी मी गुलाबमावशींचा हात परत टॉर्चखाली धरला. काही नाही. ब्लँकेट त्या गडबडीत रक्ताच्या कपड्यांबरोबर लॉन्ड्रीला गेलं. पेशंटचा हात मी मुद्दाम बघितला. आजारामुळे सुजलेला, जाडजूड. तिचा नाही. वॉर्डच्या सिस्टरचाही नाही. मी येडीसारखी येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात बघत होते.

थोड्या दिवसांनी पॅन्ट्रीत चहा घेताना मी मावशींना म्हटलं, "ती रूम नको असेल तर दुसऱ्या कुणाला देते."

"नको. मीच करीन."

"भीती नाही वाटत?"

"भ्याचा कशाला? तिना कुनाचा वाईट केला?"

"ती? बाई होती कशावरून?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं, मलाच कसं कळत नाही अशा नजरेने. "बांगड्या वाजल्या ना. काचेच्या."

आमच्याकडे कोपराखाली काहीच घालू देत नाही. अंगठी नाही, घड्याळ नाही, बांगड्या तर नाहीतच, त्यांच्याखाली हात धुतला जात नाही. पेशंटच्याही बांगड्या ॲडमिट करतानाच काढून घरच्यांकडे देतात. त्या रूममध्ये मिस्टरांशिवाय कुणी नातेवाईक येत नव्हतं.

मावशी उठून बादली घेऊन कामाला गेल्या.