दुसऱ्या कडव्यानंतरची गुणगुण

कुठूनही गुणगुण ऐकू आली की मी आधी अर्थिंग तपासतो; ते सैल असलं की स्पीकर गुणगुणतो. धंदाच आहे तो माझा. आळेफाट्याला माझं साऊंड सिस्टिमचं दुकान आहे – लग्न, जत्रा, सप्ताह, सगळीकडे माझेच बॉक्स वाजतात. देवळामागं कुणाचं तरी कण्हणं ऐकू येतं असं कुणी सांगितलं, तर मी म्हणतो, पत्रा सैल झाला असेल, बघा. तुमच्या या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचले. आज स्वतःच लिहायला बसलोय म्हणून बायको मला हसतेय... असो.

दुकानामागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून मी छोटासा स्टुडिओ केलाय. माझ्या मामेबहिणीचं, रेवतीचं पहिलं गाणं तिथेच रेकॉर्ड झालं. ती पुण्यात नोकरी करते आणि गाते. भावगीत नाही, लावणी नाही – ती त्याला सोल-पॉप म्हणते. संथ बेस, हलके ड्रम्स आणि शेजारी बसून बोलावं तसा आवाज. गाण्याचं नाव ‘ऊन अजून आहे’. दुसऱ्या कडव्यानंतर तिनं सगळी वाद्यं थांबवायला लावली. “इथं काहीच नको दादा. नुसती शांतता.” मी म्हटलं, लोकांना वाटेल मोबाइल हँग झाला. ऐकेल तर ती रेवती कसली!

रिलीजआधी ओझरला जाऊन विघ्नहराला गाणं मोबाइलवर ऐकवलं. पुजाऱ्यांनी आवाज कमी करा अशी खूण केली. आमचा पहिला रिव्ह्यू तो.

सगळ्यांना कळवलं, फक्त तिच्या अण्णांना – म्हणजे वडिलांना, माझ्या मामांना – सांगायची तिची हिंमत होत नव्हती. मामी गेल्यापासून त्यांच्या पेठ गावातल्या घरात रेडिओ नाही, टीव्ही नाही. कुणी गाणं लावलं की मामा उठून शेतात जातात. मामी तशी गाणारी नव्हती. पण चंद्री गाईची धार काढताना तिच्या कुशीला कपाळ टेकवायची आणि गुणगुणायची. शब्द नाहीत, धड चालही नाही. तेवढ्यावर चंद्री पान्हा सोडायची. मामीनंतर तिनं दूध चोरायला सुरुवात केली. मामांनी वासरू लावून पाहिलं, शेजारणीला बसवून पाहिलं... तांब्या काही भरेना.

मामांना त्याहून जास्त सलायचं ते वेगळंच. मामीचा आवाज कुठेच उरला नव्हता. व्हिडिओसाठी मोबाइल समोर धरला की ती हातानं झाकायची. “मला नगं त्यात कोंबू,” म्हणायची.

“अण्णांना माझं गाणं सोसलं नाही, तर मी गाणं सोडणार,” रेवतीनं मला सांगून टाकलं होतं. “त्यांना दुखवून नाही गायचं मला.” ही धमकी नव्हती. ती बोलते ते करते.

गाणं आलं. आधी ओळखीच्यांनीच ऐकलं, मग कुणीतरी रील केली आणि कॉमेंट्स यायला लागल्या. ‘गाणं भारीच, पण मधे गुणगुणणाऱ्या काकू कोण?’ ‘त्या काकूंचा आवाज आला आणि मी ऑफिसच्या बसमध्ये रडले.’ एका म्युझिक पेजनं तर लिहिलं की दुसऱ्या कडव्यानंतरची ती गुणगुण हाच या गाण्याचा जीव आहे. खाली लगेच भांडण – कसली गुणगुण? तिथं तर शांतता आहे! गुणगुण ऐकू येणाऱ्यांना मीही ऐटीत लिहिलं, ‘इअरफोन बदला राव.’

मग गुपचूप स्टुडिओत जाऊन कॉम्प्युटरवर गाण्याची मूळ फाइल उघडली. त्या जागी एकही ट्रॅक नाही, आवाजाची रेघ सपाट. अर्थिंग तपासलं. केबल बदलल्या. ॲपवरून उतरवून ऐकलं. मला काही नाही, रेवतीला काही नाही. पण कुणीतरी लिहिलं होतं, ‘आमच्याकडे बाया असंच गुणगुणत धार काढतात.’ रेवतीनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, “दादा, पेठला चल.”

पोचलो तेव्हा मामा धारेला बसत होते. बटाट्याचं रान फुलावर होतं आणि घाटाकडून आलेलं धुकं त्या पांढऱ्या फुलांवर रेंगाळत होतं. उन्हाची शेवटची तिरीप गोठ्यात थेट चंद्रीच्या पाठीवर आली होती. सगळं इतकं संथ झालं होतं की मीसुद्धा हळू चालायला लागलो.

रेवतीनं मोबाइल गव्हाणीच्या कठड्यावर ठेवला आणि गाणं लावलं. मामांची पाठ ताठ झाली. पहिलं कडवं गेलं. ते उठले नाहीत. दुसरं कडवं संपलं, वाद्यं थांबली... आणि चंद्रीनं कान टवकारले. मान वळवून ती मागं बघायला लागली, मामी बसायची त्या बाजूला. मामांनी अजून आचळांना हातही लावला नव्हता. तरी दूध टपकायला लागलं, मग त्याची धार लागली. खालची माती पांढरी झाली. मला ऐकू येत होता फक्त चंद्रीचा श्वास.

मामा डोळे मिटून बसले होते. गाणं संपल्यावर म्हणाले, “कवा भरलं रं तुमी ह्ये? तिला कळू न देता? लई ग्वाड केलं पोरांनो... मला वाटलं व्हतं, काईच ऱ्हायलं न्हाई तिचं.”

मी तोंड उघडलं. रेवतीनं माझा हात घट्ट दाबला.

“लाव परत,” मामा म्हणाले. “आन तू बी लई झ्याक गातीस गं. सांगायचं न्हाई व्हय?”

परत लावलं. मामा हसत होते, चरवी भरत होती. रेवती चंद्रीच्या कुशीला कान लावून उभी होती.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, “तुला आलं का रे ऐकू?” मी नाही म्हटलं. “मलापण नाही,” ती म्हणाली आणि ढसाढसा रडली. जगाला ऐकू येते तिची आई, तिलाच नाही. सगळा आवाजाचा धंदा करून मी तिथं बिनकामाचा उभा होतो.

आता मामा रोज धारेला ते गाणं लावतात. आम्ही ते कधी चोरून भरलं, हे शेजाऱ्यांना कौतुकानं सांगतात. आम्ही खरं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुमच्यापैकी कुणाला साऊंडमधलं कळत असेल तर जरूर कळवा.

गेल्या आठवड्यात रेवती नवीन गाणं घेऊन आली. दुसऱ्या कडव्यानंतर जागा रिकामी सोड म्हणाली. किती सोडू, मी विचारलं.

“आईला दम पुरेल एवढी.”