डेटा सेंटरमधलं मंडळ

अलकनंदाला एका जागी बसवणं म्हणजे महाकठीण काम. जेवताना उठेल, बोलताना उठेल, पिक्चर अर्धा टाकून बाहेर येईल आणि ऑफिसला फोन लावेल, "सगळं ठीक ना?" त्यात कामही असं मिळालं होतं की विचारू नका. गुडगावातल्या एका डेटा सेंटरची ती राखणदार. काचेची इमारत, आत गार खोल्या, खोल्यांत मशीनांची कपाटं. त्या मशीनांवर लोकांची दुकानं, कंपन्यांचे हिशेब, विमानांची तिकिटं चालायची. बाहेरून कुणी दुष्टपणाने हजारो खोट्या मागण्या एकदम सोडल्या की मशीनं गुदमरतात आणि खरी गिऱ्हाइकं दाराशी ताटकळतात. ते होऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. एवढंच म्हणे! बाईची झोप उडाली होती त्यापायी.

घरी वडील, भाऊसाहेब. सगळी हयात केंद्र सरकारच्या नोकरीत आणि आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेलेली. तिथे भाजी आणायला खाली उतरले तरी चार मराठी माणसं भेटायची आणि भाजी दुपारी घरी पोचायची. पुढे आई गेली. भाऊसाहेब रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं. लेकीने हौसेने गुडगावला उंचावरचा फ्लॅट घेतला आणि बाबांना तिथे नेऊन बसवलं. लिफ्ट होती, जनरेटर होता, पण काळं कुत्रं विचारत नव्हतं त्यांना.

मग तिने एक उद्योग केला. डेटा सेंटरच्या पाठच्या रांगेत एक जुनं मशीन पडून होतं. त्यावर कुणाला न विचारता तिने बाबांना ई-मेलचं मंडळ काढून दिलं. एकाने लिहिलं की दिल्लीभरच्या मराठी मंडळींना जायचं, आणि त्याला कुणी उत्तर दिलं की तेही सगळ्यांना. "मंडळात एकाचं बोलणं सगळ्यांनी ऐकायचं असतं," हा भाऊसाहेबांचा हट्ट. कंपनीच्या नियमात हे अजिबात बसत नव्हतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर अलकनंदानेच त्याला फैलावर घेतलं असतं. पण बाबा सकाळी दाढी करून कॉम्प्युटरपुढे बसायला लागले, आणि तिने आपल्याच चोरीकडे काणाडोळा केला. सुरुवातीला पुष्कळ उत्तरं आली. मग लोक आपापल्या कामाला लागले. भाऊसाहेब मात्र रोज लिहीत राहिले.

संक्रांत आली. त्या दिवशी मंडळी बस करून पानिपतला जातात, काला अंब नावाच्या स्मारकाशी, लढाईत पडलेल्यांना हात जोडायला. यंदा बस गुडगावला वळवायला कोणी राजी होईना, आणि गुडघ्यामुळे भाऊसाहेबांना बस सुटते त्या आर. के. पुरमपर्यंत जाणं झेपेना. फुगून बसले. पण स्वस्थ बसतील तर ते भाऊसाहेब कसले! आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना फर्मान काढलं: ऑफिसच्या ई-मेलला सुट्टीचा निरोप लावून जा, म्हणजे तुमच्यामागे कुणी लिहिलं तर मशीन आपोआप कळवेल. कसा लावायचा तेही सविस्तर. लेकीनेच शिकवलं होतं ना!

संक्रांतीच्या सकाळी डेटा सेंटर धापा टाकायला लागलं. तिकिटवाल्यांचा फोन, मग दुकानवाल्यांचा: काहीच उघडत नाही. अलकनंदा खुर्चीत बूड टेकायला तयार नाही. या पडद्यापासून त्या पडद्यापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. मारा कुठून होतोय म्हणावं तर सरकारी ऑफिसांतून, छावणीतून, दिल्लीच्या कानाकोपऱ्यातून. एक दार बंद केलं की दुसरीकडून लोंढा. वरिष्ठ दिलीप सहाय तिच्या मागे मागे. "मॅडम, किसी ने सरकारी मशीनें हाथ में ले ली हैं. पुलिस को बताएँ?"

त्यात बाबांचा फोन. "अलके, सूर्यकांतचं पत्र आलं! प्रभाताईंचंही! अगं, सगळे लिहितायत आज!"

"बाबा, आत्ता नको. इथे आग लागलीय."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. तिने उचलला नाही. पुन्हा वाजला. तिने चिडून मोबाइल खणात कोंबला.

एवढ्यात पाठच्या रांगा सांभाळणारा राजवीर धावत आला. शेजारच्या गावचा पोरगेला गडी, नुकतंच लग्न झालेला, नुकताच नोकरीत कायम झालेला. त्याने आत येणाऱ्या गठ्ठ्यातला एक निरोप उघडून बघितला होता. "मॅडम, ये देखिए. 'मी आज काला अंबला आहे, उद्या भेटू.' सब में यही है. कोई कोड है क्या?"

अलकनंदाने तो निरोप वाचला आणि तिला सगळं उलगडलं. बाबांनी सकाळी संक्रांतीच्या शुभेच्छा लिहिल्या असणार. प्रत्येकाच्या मशीनने सुट्टीचा निरोप धाडला, तो सगळ्यांना गेला, त्यावर सगळ्यांच्या मशीनांनी पुन्हा निरोप धाडला. माणसं तिकडे पानिपतात आणि इकडे रिकाम्या खुर्च्यांपुढे मशीनं एकमेकांशी गप्पा मारतायत! ती पाठच्या रांगेकडे पळाली आणि तिने बाबांच्या मशीनची वायर उपटली. पाचेक मिनिटांत सगळे पडदे शांत झाले.

दिलीप सहाय खूष. "कमाल कर दी, मॅडम!" आणि लगेच राजवीरकडे वळून, "ये मशीन तेरी लाइन में है. रजिस्टर में है नहीं. बिना पूछे किसने लगाई? आज ही हिसाब कर ले अपना."

राजवीरचं तोंड उघडंच राहिलं. अलकनंदा मनात हिशेब करायला लागली. गप्प राहिलं तर मंडळ वाचतं. आठवड्याने दुसऱ्या कोपऱ्यात दुसरं मशीन, कुणाला पत्ता लागणार? बोललं तर बाबांचं सगळं बोलणंच संपतं. तिला राजवीरचा राग आला, बाबांचा आला, त्या बसवाल्यांचा तर फारच आला.

"सर, मशीन मेरी है," ती म्हणाली. "मैंने लगाई. इसको कुछ पता नहीं."

सहायसाहेबांनी आवाज चढवला नाही, हेच वाईट. राजवीरला परत कामावर धाडलं. मशीन तिथल्या तिथे पुसलं. अलकनंदाकडून मशीनांच्या खोलीची चावी काढून घेतली आणि पुढचं नंतर सांगू म्हणाले.

ती लवकर घरी आली. भाऊसाहेब कोट घालून कॉम्प्युटरपुढे बसले होते, गाल लाल झालेले. "थांब हं, कर्नलसाहेबांना उत्तर लिहितोय. मघापासून पत्रं यायची थांबलीत, तेवढ्यात उरलेल्यांना लिहून घेतो."

"बाबा, मंडळ बंद झालं. मी बंद केलं." तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. राजवीरचं, चावीचं, पुसलेल्या मशीनचं. "आणि ती पत्रं माणसांनी लिहिलेली नव्हती, बाबा. मशीनं आपोआप पाठवत होती."

"अगं, तेवढं कळतं मला," भाऊसाहेब म्हणाले. "सूर्यकांत पानिपतला गेलाय हे तो मला दर मिनिटाला कशाला कळवेल?"

"मग उत्तरं कसली लिहीत बसलात दिवसभर?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "पत्र आलं की टिंग वाजतं गं. या घरात माझ्यासाठी दुसरं काही वाजतच नाही."

अलकनंदाला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही.