गंजावरच्या गोळ्या

माझ्या नवऱ्याची लघवी अडली होती. घ्या, लिहिलं एकदाचं. ज्याला वाचायला शरम वाटत असंल त्यानं खुशाल पान उलटावं. या शरमेपायी आमच्या घरातला धडधाकट माणूस मरणाच्या दारात गेल्ता. तवापासून मी लाज कोळून प्याले असं आमचे नातेवाईक म्हणतात. म्हणू द्या.

हे अंकुशनगरला साखर कारखान्यात फिटर होते. उसाचं गाळप बंद झालं की यांचं खरं काम सुरू व्हायचं. मशिनरी खोलायची, तुंबलेले पाइप साफ करायचे, गंज खरवडायचा, लाल रंग मारायचा. घरी आले की कपड्यांना, केसांना, सगळ्याला लोखंडाचा वास. रिटायर झाल्यावर आम्ही जालन्यात मस्तगडला राहायला आलो, भायांच्या शेजारी. भाया म्हणजे यांचे थोरले भाऊ. दोन्ही घरांत शब्द त्यांचाच चालायचा. आणि लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. भांडण न्हाई हो, रीत! धाकट्या भावाच्या बायकोनं भायासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, तोंड बंद ठेवायचं, ते खोलीत आले की उठून आत जायचं. काही सांगायचंच असलं तर जाऊबाईला सांगायचं, मंग त्या त्यांना सांगणार. नातवंडं झाली तरी आमचं हेच चालू होतं.

नवं शतक लागायच्या सुमाराची गोष्ट. हे मोरीत गेले की बाहेर यायचं नाव न्हाई. अंबडची गाडी धरायची असली की सकाळपासून पाण्याला शिवायचे न्हाईत. लग्नाला चला म्हणलं की डोकं दुखायचं. मी विचारलं तर, "तुला काय करायचंय?" अरे वा! धुणं मी धुते, मला काय करायचंय! मी दवाखान्यात चला म्हणून मागं लागले तर यांनी जाऊन भावाला विचारलं. भायांनी निकाल दिला, "या वयात सगळ्यांनाच होतं. डॉक्टर कापायलाच बसलेत. तिथं एकदा कापलं की माणूस माणसात राहत न्हाई."

झालं. हीच भीती यांच्या काळजात बसली. मरण परवडलं, पण मर्दपणा जायला नको. लोकांना काय सांगायचं तेबी ठरलं: मूतखडा. खड्याला समाजात इज्जत आहे, जो तो कौतुकानं विचारतो, केवढा होता, कसा पडला. म्हातारपणी वाढणाऱ्या प्रोस्टेटच्या गाठीला कोण विचारतंय?

अशात नवीन जालन्यात एका हॉलमध्ये कसलीशी मीटिंग झाली. दोघं भाऊ गेल्ते. ऐन उन्हाळ्यात गळ्यात टाय बांधलेल्या माणसानं सांगितलं म्हणे, शरीर आतून गंजतं, लोखंडावाणी. हा गंज थांबवतं ते अँटिऑक्सिडंट. टमाट्यात असतं, डाळिंबात असतं, आणि सगळ्यात जास्त आमच्या लाल गोळ्यांत. सहा महिने घ्या, प्रोस्टेट पोरासारखी. आता जो माणूस उभा जन्म गंज खरवडत बसला, त्याला हे पटायला किती वेळ लागणार? हे घरी आले ते डब्बा घेऊनच. तोंडावर असा उजेड, जसं काही दुखणं रस्त्यातच सोडून आले.

मंग काय विचारता! टमाट्याची भाजी, टमाट्याचं सार, टमाट्याची चटणी, वर मीठ लावून कच्चे टमाटे. टमाट्यावर माझा राग न्हाई. पण गोळ्या चालू, टमाटे चालू, आणि मोरीतलं थांबणं वाढतच चाललेलं. एक दिवस जेवताना मी म्हणलं, "कारखान्यात पाइप तुंबला की तुम्ही तो खोलत होते का त्याला टमाटे चारत होते?"

हे हसले. लय दिवसांनी हसले. मला वाटलं, आलं ध्यानात. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गोळी!

आणि मंग तो रविवार. पहाटेपासून यांना थेंब झाला न्हाई. पोट नगाऱ्यावाणी ताणलेलं, कपाळावर घाम, उशी दातात धरलेली. मी रिक्षा आणते म्हणलं तर हातानंच नको नको करत होते. तेवढ्यात जाऊबाई आणि भाया आले. भायांच्या हातात नवा डब्बा. मी रीतीपरमाणं दाराआड. भाया म्हणाले, "आज दोन घे. आणि पाणी पी भरपूर, आतला गंज धुऊन निघंल." आणि हा माझा भोळा शंकर तांब्याच्या तांब्या पाणी पिऊन राह्यला! मी जाऊबाईला ओढून म्हणलं, सांगा त्यांना, पाणी देऊ नका म्हणावं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, असल्या जागेचं मी कसं बोलू?"

माझं टाळकंच सरकलं. पदर कधी पडला मला कळलं न्हाई. मी सरळ खाटेपाशी गेले.

"दादा, तो तांब्या खाली ठेवा."

भाया दाराकडं बघायला लागले, दुसरंच कुणी बोललं जसं.

"भरल्या टाकीत अजून पाणी ओतून राह्यले तुम्ही. खालची वाट बंद हाय. मूत अडलंय यांचं, मूत! खडा न्हाई का गंज न्हाई. तुमच्या इज्जतीपायी मी माझं कुंकू पुसू देणार न्हाई."

ते बायकोला म्हणाले, "हिला आत जायला सांग."

"तिला काय सांगता, मला सांगा. आणि मी आत न्हाई, दवाखान्यात चालले."

भाया ताडकन उठून निघून गेले. जाऊबाई रडायला लागल्या. मी यांच्या काखेत हात घालून रिक्षापर्यंत आणलं. सगळी गल्ली दारात. समोरच्या बाईनं विचारलं, "काय झालं हो?" मी म्हणलं, "लघवी अडली!" हे कण्हत म्हणाले, "हळू बोल ना." मी म्हणलं, "हळू बोलून बोलूनच ही वेळ आली."

डॉक्टरनं आधी नळी घातली. पिशवी भरत गेली तसा यांचा चेहरा सुटत गेला. सिस्टरसमोर माझा हात धरून हे लहान लेकरावाणी रडले. माझ्यापण डोळ्याला धार लागली, राग मात्र तसाच. मी लाल गोळ्यांचा डब्बा डॉक्टरच्या टेबलावर आपटला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "टमाटे, डाळिंब खुशाल खा, अंगाला चांगलंच आहे. पण वाढलेली गाठ त्यानं मागं सरत नाही. अजून उशीर केला असता तर किडन्या गेल्या असत्या." आणि जी भीती यांना तोंडानं विचारता येईना, ती मीच विचारली. ते म्हणाले, "ऑपरेशननं थोडाफार फरक पडतो, पण माणूस संपत नाही." गाठ दुर्बिणीतून काढली. तपासायला पाठवली, साधीच निघाली, कॅन्सरची न्हाई.

ऑपरेशननंतर भाया आले. हे झोपलेले होते. रीतीपरमाणं मी उठून बाहेर जायला पाहिजे होतं. मी उठले न्हाई, पदरबी सावरला न्हाई. आज काही बोलले तर सोडायचंच न्हाई, असं ठरवून स्टुलावर बसून राह्यले. चार कडक वाक्यं तयारच ठेवली होती.

ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. नळीकडं बघितलं, खाली लटकवलेल्या पिशवीकडं बघितलं. दारात जाऊन व्हरांड्यात कुणी आहे का ते बघून आले. मंग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "बाई, नळी घालताना लय दुखतं का?"

मी स्टूल त्यांच्याकडं वळवलं.

"दुखतं," मी म्हणलं. "पण घटकाभर. तुम्हाला कधीपासून होतंय?"

त्यांनी खाटेचा गज दोन्ही हातांनी धरला होता.

"याच्याही आधीपासून," ते म्हणाले.